आत्याशिवाय बद्री-केदार

अण्णा, आम्ही बद्री-केदार करून आलो. ही बातमी तुम्हाला कधीतरी सांगायची, असं मी लहानपणापासून मनात धरलं होतं, पण ज्या सुरात सांगायची होती तो सूर आता लागत नाही. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा सगळी हिंदीत झाली, देवासच्या शाळेत मुलांना शिकवते तेही हिंदीतच. मराठी म्हणजे तुम्ही आणि आत्या जेवढं बोललात तेवढंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चालवून घ्या.

धारचं स्वयंपाकघर आठवतं का तुम्हाला? मला तर उन्हाळ्याची सुट्टी म्हटलं की तेच दिसतं. तुम्ही गंधवानीच्या शाळेला कुलूप लावून आलेला असता, सदरा खुंटीवर, आणि जमिनीवर तो मोठा नकाशा पसरलेला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवलेल्या, कारण पंख्यानं तो उडायचा. तुम्ही बोट फिरवता आणि मी तुमच्या मागून नावं म्हणते: ऋषिकेश, देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग. रुद्रप्रयागला तुमचं बोट थांबतं. इथून डावीकडे केदार, उजवीकडे बद्री. आधी कुठं जायचं? मी म्हणते, केदार. तुम्ही म्हणता, शाबास, तसाच क्रम आहे. आणि चुलीपाशी पोळ्या लाटत बसलेली आत्या पाठमोरीच म्हणते, "आधी जेवा, मग चढा. पोळ्या गार होतायत." आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला तिच्या आठवणी नाहीत, त्या जागी हे आहे. तुम्ही, तुमची धाकटी बहीण, आणि हिमालयाच्या कोपऱ्यांवर चार वाट्या.

एका वर्षी तुम्ही इंदूरहून आत्यासाठी कॅनव्हासचे पांढरे बूट आणलेत. मुलींच्या शाळेत शिवण शिकवणारी बाई, आयुष्यात चपलेशिवाय काही घातलं नव्हतं. ती लाजून लाजून लाल झाली. "लोक काय म्हणतील, मास्तरांची बहीण पीटी करते?" तरी संध्याकाळी गच्चीवर ते घालून फिरली, नऊवारी वर खोचून, आणि तुम्ही खालून ओरडून विचारत होतात, "चावतात का गं?" त्या वर्षी तुम्हाला जनगणनेचं काम लागलं. पुढच्या वर्षी माझी बोर्डाची परीक्षा, त्याच्या पुढच्या वर्षी अजून काही. मग तुमचा दमा सुरू झाला आणि धारच्या किल्ल्याचा चढही जमेना. बूट तसेच राहिले आणि एक दिवस आत्यानं ते भांडेवालीच्या मुलीला देऊन टाकले.

तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. सगळे नातेवाईक सांगतात की शेवटी तुम्ही मला म्हणालात, आत्याला सांभाळ. मी पण तसंच सांगत आले, इतकी वर्षं, सासरी, शाळेत, सगळीकडे. लोक म्हणतात, केवढं करते ही आत्याचं. पण मी तिथं होते, अण्णा. तुम्ही आत्याकडे बघत होता आणि माझ्याकडे हात करून म्हणालात, "हिला सांभाळ." मी ते उलटं कधी केलं, मला आठवत नाही.

तिनं सांभाळलंही. माझी दोन्ही बाळंतपणं तिनं केली, धारचं भाड्याचं घर सोडून देवासला आमच्याकडे आली, मी शाळेत जायची तेव्हा पोरांना खाऊ घातलं, अभ्यासाला बसवलं. आता पोरं बाहेर नोकरीला आहेत आणि घरात आम्ही तिघं. आत्या थकली आहे. कानाला मशीन आहे, पण ते लावायचा कंटाळा करते. आंघोळीला पाणी कढत लागतं. गोळ्या मीच काढून द्यायच्या. दाराची घंटा वाजली की आतून विचारणार, "कोण गं?" आणि सांगितलं तरी ऐकू जात नाही, म्हणून परत, "कोण?" हे काही फार नाही, मला ठाऊक आहे. पण रोज आहे. शाळेतून येऊन चप्पल काढायच्या आत ते "कोण?" ऐकू येतं आणि मला आल्या पावली परत फिरावंसं वाटतं. हे मी कोणाला बोलले नव्हते.

संक्रांतीनंतर यात्रेचं ठरायला लागलं. तुमचे जावई कारखान्यातून यंदा निवृत्त होणार, त्यांच्याबरोबरचे दोघं मित्र आणि त्यांच्या बायका, असे आम्ही सहा जण. पुरुष तिघंही महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेले आणि इथलेच होऊन गेलेले. दर रविवारी सकाळी आमच्या घरी बैठक. पोहे, जिलबी, मोबाइलवर नकाशे, आणि चर्चा की घोडा करायचा का हेलिकॉप्टर, हरिद्वारहून गाडी करायची का ऋषिकेशहून, देवळाची दारं उघडल्या उघडल्या गर्दीत जायचं का पंधरा दिवस थांबायचं. ट्रॅव्हल्सवाला पोरगेलासा होता, सोफ्याच्या टोकावर बसून म्हणायचा, "आप तो बस ऊनी कपड़े रख लो भाभीजी, बाकी मेरे पे छोड़ दो." मला इतका आनंद व्हायचा, अण्णा. मी मोबाइलचा नकाशा मोठा करून रुद्रप्रयागवर बोट ठेवून म्हणाले, इथून डावीकडे केदार, तर एक मित्र म्हणाले, वहिनी तर जाऊन आल्यासारख्या सांगतायत.

आत्या आतल्या खोलीत असायची. तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती बाहेर आली, कानाला मशीन लावून, केस विंचरून. सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, "माझं नाव घातलंस ना?" मग ट्रॅव्हल्सवालाच म्हणाला, "क्यों नहीं माताजी! बुजुर्गों के लिए तो सब इंतज़ाम है. बस एक-दो रोज़ बीच में आराम के जोड़ लेंगे." मित्रांच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी म्हणाले, डॉक्टरांना विचारू आधी. दुसऱ्या दिवसापासून आत्या पहाटे उठून गावातल्या टेकडीच्या पायथ्याशी चालायला जाऊ लागली. शेजारची एक बाई मला म्हणाली, "आपकी बुआ तो रोज़ दिखती हैं. कह रही थीं, केदारनाथ की प्रैक्टिस है."

डॉक्टरांकडे मी तिला रिक्षातून घेऊन गेले. त्यांनी तपासलं, ईसीजी काढला. मशीन तिनं घरीच ठेवलं होतं. तिला बाहेर बाकावर बसवून ते मला म्हणाले, "ले जाइए. केदार घोड़े से मत ले जाना, हेलिकॉप्टर कर लेना, और ऊपर रात मत रुकना. बद्रीनाथ तक तो गाड़ी जाती है. धीरे-धीरे चढ़ाइए, बीच में रुकते हुए. इनकी हिम्मत देख के तो मुझे अच्छा लग रहा है." मी धन्यवाद म्हणून दार उघडलं. आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत निकाल ऐकायला बसल्यासारखी बसली होती. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "नाही म्हणाले गं. हृदयाला झेपायचं नाही म्हणाले."

असं बोलायचं मी ठरवून गेले नव्हते. पण तोंडातून निघालं तेव्हा मला आश्चर्यही वाटलं नाही, हे खरं. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं. त्यांचं त्यांना कळतं." आणि उठताना बाकाला धरून उठली, येताना तशी उठली नव्हती. रिक्षात मी रस्त्याकडे बघत बसले. घरी आल्यावर तुमच्या जावयांनाही मी तेच सांगितलं. ते हळहळले, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखेही झाले. रविवारच्या बैठकीत आरामाचे दिवस काढून टाकले.

आत्या लगेच कामाला लागली. माझ्यासाठी आणि जावयांसाठी लोकरीच्या टोप्या विणल्या. आमच्या कपड्यांना आतून चोरखिसे शिवले. शंकरपाळे, मेतकूट, सुंठीच्या वड्या. चालायला जाणं बंद केलं. मला ते दिसत होतं आणि मी माझ्या मनाला सांगत होते की तिच्याच भल्यासाठी आहे, वर थंडी किती, गर्दी किती, काही झालं असतं तर. हे सगळं खरंच होतं आणि त्यातलं एकही माझं कारण नव्हतं. मला तिच्यापासून दहा दिवस दूर जायचं होतं. ज्या देवाला जायचं वेड तिच्या नि तुमच्या चुलीपाशी लागलं, तिथं मला तिला सोडून जायचं होतं.

त्या दिवसांत मला सारखा तो सीताफळवाला आठवायचा. तुम्हालाही आठवत असेल. दिवाळीच्या आधीचा रविवार, तुमचं डोकं दुखत होतं आणि तुम्ही आत अंधार करून पडला होता. म्हणालात, आज कोणी आलं तर मी घरी नाही म्हणून सांग. दुपारी गंधवानीकडचा एक शेतकरी आला, डोक्यावर सीताफळांची टोपली. त्याचा मुलगा तुमच्या वर्गात होता, त्याचं काहीतरी विचारायला एवढ्या लांब बसनं आला होता. मी दारात उभी राहून म्हणाले, मास्टर साब घर पे नहीं हैं. तो टोपली ठेवून निघून गेला. तुम्ही बाहेर आलात ते अनवाणीच, डोळे चुरचुरत होते, आणि तसेच रस्त्यावर पळत गेलात. मी मागे. बसस्टँडच्या अलीकडे त्याला गाठलंत आणि म्हणालात, "मैं घर में ही था, भिया. छोरी ने झूठ बोला, पर कहलवाया मैंने ही." त्याला परत आणलंत, शेजारी बसवून जेवू घातलंत. मला एक शब्द बोलला नाहीत. त्या रात्री मी जेवले नाही तर आत्या म्हणाली, "रागावले नाहीत ना ते? मग जेव." मी तिला म्हणाले, रागावले असते तर बरं झालं असतं.

निघायला थोडे दिवस राहिले असताना आत्याचा रक्तदाब बघायचा होता. माझ्या शाळेत वार्षिक निकाल, म्हणून तुमचे जावई घेऊन गेले. संध्याकाळी मी आले तर ते अंगणातच भेटले. म्हणाले, "अगं, गंमतच झाली. डॉक्टर आत्यांना विचारायला लागले, तो माताजी, कब निकल रहे हो केदारनाथ? मी म्हणालो, तुम्हीच तर नाही म्हणालात. ते म्हणाले, मैंने कब मना किया?" माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली. "मग आत्याच मध्ये बोलल्या. म्हणाल्या, नहीं डॉक्टर साब, मना तो मैंने ही किया. घुटने नहीं चलते, और घर में बोलने में शरम आई, तो आपका नाम लगा दिया. हसल्या पण. काय बाई आहे! यायचं नव्हतं तर सरळ सांगायचं, आम्ही काय खाणार होतो?" ते हसत होते. मी पण काहीतरी हसल्यासारखं केलं आणि आत गेले.

ती स्वयंपाकघरात बेसन भाजत होती. मी दारात उभी राहिले. म्हणाले, "आत्या." ती म्हणाली, "लाडू नेशील ना? का ओझं होईल?" मी म्हणाले, "आत्या, डॉक्टर नाही म्हणाले नव्हते." ती उलथनं फिरवत राहिली. मशीन कानात होतं, मी पाहिलं. मग म्हणाली, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं. खरंच नाही म्हणाले असते ना, तर रिक्षात तू माझा हात धरला असतास."

मी खाली बसले. म्हणाले, मग बोलली का नाहीस? "काय बोलायचं? आपण नको आहोत म्हटल्यावर भांडून देवाला जायचं का?" हे ती चिडून म्हणाली नाही. बेसन लागेल म्हणून गॅस बारीक केला. मी म्हणाले, तू चल, मी आजच सगळं करते, आरामाचे दिवस परत घालते. ती नको म्हणाली. मी म्हणाले, मग मीही जात नाही. तेव्हा मात्र ती वळली, आणि अण्णा, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "म्हणजे तुझी यात्रा मोडली तेही माझ्या माथी? लोकांना सांगशील, आत्यामुळे राहिलं. ते नाही चालायचं. जायचं आणि काम करून यायचं."

कसलं काम, मी विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं. बद्रीनाथला ब्रह्मकपाल म्हणून जागा आहे, तिथं पिंडदान केलं की मग दरवर्षीचं श्राद्ध केलं नाही तरी चालतं म्हणतात. इतकी वर्षं पितृपंधरवड्यात तुमच्या तिथीला आत्या उपाशी राहून सगळा स्वयंपाक करते, खीर, वडे, कढी, आणि मी शाळेत जाताना उभ्या उभ्या नमस्कार करते. ती म्हणाली, "माझ्यामागं तू करशील असं नाही वाटत मला. तुला वेळ नसतो, श्रद्धाही नसेल, त्यात तुझी चूक नाही. पण त्यांना तसं उपाशी ठेवून मी कशी जाऊ? म्हणून म्हटलं, आपण जाऊन त्यांना मोकळं करावं." मला वाटत होतं ती दर्शनाला येतेय. ती तुमच्यासाठी येत होती. आणि माझ्यासाठी, म्हणजे मला पुढं काही करावं लागू नये म्हणून.

आम्ही गेलो. तिनं मला पाठवलं असंच म्हणायला हवं. ब्रह्मकपालाला अलकनंदेच्या काठी दगडी ओटा आहे, पाण्याचा आवाज एवढा की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. पंडा म्हणाले, लड़का नहीं है तो बेटी बैठ सकती है. मी बसले. त्यांनी गोत्र विचारलं, ते सांगितलं. वडील, आजोबा, पणजोबा. आजोबांपर्यंत आलं आणि पुढं मला येईना. आईकडचं तर काहीच येईना. पंडा थांबले. मी आत्याला फोन लावला. पहिल्या घंटेलाच उचलला. मी ओरडून सांगितलं, आत्या, पणजोबांचं नाव! तिला ऐकू गेलं का कोण जाणे, पण तिनं सुरुवातच केली, मोठ्या, शाळेतल्या आवाजात, वरून खाली सगळ्यांची नावं, बायकांचीही, आणि शेवटी म्हणाली, "माझ्या वहिनीचं राहू देऊ नका." पंडा फोन ओट्यावर ठेवायला सांगून म्हणाले, माताजी, मेरे साथ बोलिए. ते मंत्र म्हणत गेले, मी तीळ-पाणी सोडत गेले, आणि आत्या देवासहून एक ओळ मागं म्हणत राहिली. तुमचे जावई तोंड फिरवून उभे होते. नाही कोण म्हणालं होतं, ते त्यांना तेव्हा कळलं असावं. मला त्यांनी अजून विचारलेलं नाही.

परत आलो तर आत्यानं आधी विचारलं, थंडी फार होती का. मग प्रसाद गल्लीत वाटून आली. संध्याकाळी देवापाशी वात लावताना आपली आपणच म्हणाली, "आता यंदा तुझ्या अण्णांची खीर नाही. सुटले ते." आणि जरा वेळ तशीच उभी राहिली, पुढं काय करायचं ते विसरल्यासारखी. म्हणजे तोही एक दिवस तिच्याकडून गेला, आणि तो मीच संपवून आले होते. मी तिला अजून, मला माफ कर, असं म्हटलेलं नाही. म्हटलं तर ती लगेच करेल, आणि मग माझ्यापाशी काही उरणार नाही.

हा कागद मी तिला वाचून दाखवणार नाही. तुमच्यापर्यंत तो पोचायची काही सोय नाही, असती तर कदाचित लिहिलाही नसता. एक राहिलंय, तेवढं सांगते. केदारला सकाळी दर्शन झाल्यावर मी देवळाच्या मागं एकटी जाऊन बसले. बर्फावर ऊन आलं होतं, हातात चहा होता, आणि कोणी मला हाक मारत नव्हतं. अण्णा, तेव्हा माझ्या मनात आत्या नव्हती. तुम्हीही नव्हतात. मला इतकं बरं किती वर्षांत वाटलं नव्हतं.